चैत्रातली चढण

महाराष्ट्रातल्या डोंगरभटक्यांचं एक न छापलेलं पंचांग आहे. जून ते सप्टेंबर धुकं, धबधबे आणि चिखल. ऑक्टोबर ते जानेवारी लांब पल्ल्याच्या घाटवाटा, सुळके, रात्रीचे मुक्काम. फेब्रुवारीत शिवजयंतीला एखादा किल्ला, आणि मग बूट माळ्यावर. मेअखेरीस काजवे बघायला गाड्या पुन्हा भंडारदऱ्याकडे वळतात. फाल्गुन आणि चैत्र यांना या पंचांगात पानच नाही. दुर्गाबाई भागवतांनी ‘ऋतुचक्रा’त बाराही महिन्यांना जागा दिली, भटक्यांनी मात्र दोन महिने गाळले. ते गाळणं योग्य आहे का, एवढाच इथला प्रश्न. त्यासाठी दोघांना बोलतं केलं आहे : एक मामा, ज्याला हे पंचांग तोंडपाठ आहे आणि ज्याच्या पायांनी बराच सह्याद्री पालथा घातलेला आहे, आणि दुसरी त्याची भाची, जिला ते पंचांग मान्य नाही. दोघंही कल्पित. त्यांचे मुद्दे मात्र कुठल्याही रविवारी पहाटे पुण्याहून किंवा ठाण्याहून निघालेल्या गाडीत ऐकू येतील असेच आहेत. माझा कल भाचीकडे आहे हे आधीच सांगून टाकतो, कारण मधूनमधून मी तोंड घालणार आहे.

मामा : मुळात आपल्याकडे वसंत आहे कुठे? भिंतीवरच्या कॅलेंडरात चैत्र-वैशाख म्हणजे वसंत असं असतं, पण वैशाखातल्या दुपारी नगरच्या माळावर उभं राहून ते कुणी म्हणून दाखवावं. ज्या मुलखात चार महिने बर्फ पडतं तिथे वसंतात डोंगरावर जाणं ही सुटका असते. कुमाऊंत किंवा कांगड्यात बुरांस फुलतो तेव्हा माणसं गारठ्यातून बाहेर येत असतात, त्यांनी खुशाल गाणी म्हणावीत. आपला हिवाळा हाच आपला सगळ्यात सुखाचा काळ. सुख संपलं म्हणून उत्सव कसला करायचा? मार्चमध्ये आपला डोंगर कसा दिसतो ते आठव. गवताचा पेंढा झालेला, झाडं खराट्यासारखी, क्षितिज धुरकट, पाण्याची टाकी तळाला गेलेली. पावसाळ्यात हाच डोंगर काय असतो! ज्याला तो पाहायचाय त्याने तेव्हा जावं. उगाच उन्हात तंगडतोड करून ‘वसंत अनुभवला’ म्हणायचं, हे मला उसनं वाटतं.

भाची : मामा, सुटकेचं तू म्हणतोस ते बरोबर आहे. आपला वसंत थंडीतून सुटका म्हणून येत नाही, त्यामुळे त्याचं कौतुक दुसऱ्यांच्या शब्दांत केलं की खोटं वाटतं. पण तू डोंगर बघताना गवताकडे बघतोयस. पाऊस हा गवताचा आणि रोपट्यांचा हंगाम, त्यांचं जन्मणं-फुलणं-मरणं त्या चार महिन्यांत उरकतं. झाडांचा हंगाम वेगळा आहे. जानेवारी सरता सरता काटेसावर लाल होते, मग पळस, मग पांगारा. कुसुमाच्या झाडाला नवी पालवी इतकी तांबडी फुटते की लांबून फुलंच वाटावीत. वारसाची पांढरी फुलं, कौशीची शेंदरी. महाबळेश्वर-भीमाशंकरच्या रानात अंजनीच्या फांद्या निळ्याजांभळ्या गुच्छांनी भरतात. पायवाटेच्या दोन्ही अंगांना करवंदीच्या जाळ्या पांढऱ्या होतात आणि त्यांचा वास सकाळी वाटभर सोबत असतो. जव्हार-मोखाड्याकडे मोहाची फुलं पहाटे टपटपतात, ती वेचायला माणसं उजाडायच्या आत झाडाखाली पोचतात. हे सगळं जुलैत दाखव मला.

इथे मला पहिल्यांदा बोलायचं आहे, कारण ‘खराट्यासारखी झाडं’ या शब्दांत मामाचा सगळा आक्षेप सामावलेला आहे आणि तो आक्षेप एका गैरसमजावर उभा आहे. पळसाला पानं तीन हे सगळ्यांना ठाऊक असतं. फाल्गुनात तीही नसतात. पण ती नसण्याला कारण आहे. पळस, सावर, पांगारा यांच्या फुलांवर मुख्यतः पक्षी येतात, आणि पक्ष्यांना लाल-केशरी रंग उघड्या फांदीवर मैलभरावरून दिसतो. पानांच्या गर्दीत तो हरवला असता. शिवाय आता फुललं तर शेंगा आणि बोंडं वैशाख-ज्येष्ठात पिकतात, सावरीचा कापूस कोरड्या वाऱ्यावर उडतो, आणि बी जमिनीवर पडतं ते पहिल्या पावसाच्या थोडंच आधी. त्याहून विलक्षण गोष्ट पालवीची. आपल्या पानगळीच्या रानातली कितीतरी झाडं पाऊस येईपर्यंत थांबत नाहीत. ऐन कोरड्या दिवसांत, मातीचा वरचा थर भाजत असताना, ती खोल मुळांनी पाणी ओढून नवी पानं काढतात, कारण पाऊस पडायला लागेल त्या दिवशी पानं कामाला तयार हवीत. दिवस लांबत चालल्याची खूण त्यांना पुरते. म्हणजे आपण ज्याला उन्हाळ्याने मारलेलं रान म्हणतो, ते खरं तर वर्षातल्या सगळ्यात मोठ्या तयारीत गुंतलेलं असतं. पावसाळ्यात दिसतात ती या तयारीची फळं; तयारी बघायची तर फाल्गुन-चैत्रातच जावं लागतं. ज्याने फक्त हिरवा सह्याद्री पाहिला त्याने त्याचं अर्धंच वर्ष पाहिलं, असं म्हटलं तर मामाला राग येईल, पण त्याचं उत्तर त्याच्याकडे आहे असं मला वाटत नाही.

मामा : राग नाही आला. पण ही सगळी झाडांची हकिकत झाली, माणसाच्या शरीराचं काय? झाडाला खोल मुळं असतात, आपल्याला पाठीवर दोन बाटल्या. मार्चच्या शेवटी कर्जतला पारा चाळिशीला टेकतो. कोकणच्या पायथ्याला हवेत दमटपणा असतो, घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर शरीर थंड होत नाही हे शाळेतल्या पोरालाही कळतं. वरच्या पठारावर सावली नाही, कातळ तापलेला. उष्माघात झालेल्या माणसाला खांद्यावर घेऊन खाली आणायला किती वेळ लागतो ते तुला ठाऊक नाही. आणि दुपारी बाराला माथा गाठणारी, तीनला उतरायला लागणारी तुमची पिढी.

भाची : बाराला माथा गाठायचा नाही, इथेच तर फरक आहे. तू पावसाळी ट्रेकचं वेळापत्रक उचलून मार्चवर ठेवतोस आणि ते जमत नाही म्हणून मार्चला नावं ठेवतोस. संपाताच्या सुमाराला पुण्यात सूर्य पावणेसातच्या आतबाहेर उगवतो, झुंजुमुंजू त्याच्या वीस-पंचवीस मिनिटं आधी. सहाला पायथा सोडायचा, दहाला सावलीत परत यायचं. चार तासांत जेवढं होईल तेवढाच ट्रेक. शिवाय दिशा बघायची. मार्चमध्ये सूर्य बरोब्बर पूर्वेला उगवतो, त्यामुळे पश्चिमेकडे तोंड असलेल्या उतारावर ऊन उशिरा येतं. सह्याद्रीची मुख्य भिंतच पश्चिमेला कोसळते. तिच्या कुशीतल्या नाळेत नऊ-साडेनऊपर्यंत सावली असते, त्या वेळी पूर्वेच्या सोंडेवर टोपीशिवाय उभं राहवत नाही. दुपारचा सूर्य या दिवसांत अजून दक्षिणेकडे झुकलेला असतो, पुण्याच्या डोक्यावर तो मेच्या मध्यावर येतो. म्हणजे उत्तरेचा उतारही चैत्रात जरा सुसह्य. आणि कोकणच्या पायथ्यापासून सुरुवात करायची सक्ती कुणी केलीय? देशाकडून जायचं. हजार मीटर चढलं की हवा साधारण साडेसहा अंशांनी उतरते. भीमाशंकरचं रान त्या उंचीच्या आसपासच आहे, महाबळेश्वर १,३७० मीटरच्या पुढे. गाडीने तिथवर जाऊन झाडीतून चालायचं तर कर्जतच्या चाळिशीशी आपला संबंध काय?

मामा : म्हणजे ट्रेकचा झाला सकाळचा फेरफटका.

या वाक्यात मामाने नकळत मुद्द्यावर बोट ठेवलं आहे. वसंताला खरा विरोध उन्हाचा नाही, आपल्या मोजमापाचा आहे. भटकंती म्हणजे माथा : कळसूबाईचे १,६४६ मीटर, साल्हेरचा परशुरामाचा माथा, राजगडचा बालेकिल्ला. माथ्याला हात लावून आलं नाही तर दिवस फुकट गेला, अशी ही हिशेबाची रीत आहे. हिवाळ्यात ती चालून जाते, पावसाळ्यात धुक्यामुळे माथ्यावरून काहीच दिसत नसलं तरी चालून जाते. चैत्रात ती चालत नाही. ऊन एक मर्यादा घालतं आणि त्या मर्यादेत बसेल अशी वाट निवडायला लावतं : पदराची आडवी वाट, ओढ्याकाठची ढोरवाट, दोन गावांमधली खिंड, देवराईपर्यंतचा तासाभराचा चढ. अशा वाटांवर डोकं खाली घालून चढायचं नसतं, त्यामुळे माणूस बघायला लागतो. शेकरू हा महाराष्ट्राचा राज्यप्राणी, त्याच्यासाठी १९८५ मध्ये भीमाशंकरचं अभयारण्य झालं. तिथे दर पावसाळ्यात किती माणसं जातात आणि त्यातल्या कितींना शेकरू दिसतं? काही झाडांची पानं झडलेल्या दिवसांत त्याची काटक्यांची मोठी घरटी फांद्यांमध्ये उघडी पडतात, हालचाल टिपता येते, आणि धबधब्याचा आवाज नसल्यामुळे त्याचा खडखडीत आवाज ऐकू येतो. तांबट सकाळपासून ठोकत असतो, रानकोंबडा दरीतून बांग देतो. हे सगळं थांबणाऱ्याला मिळतं. ऊन थांबायला लावतं, हा त्याचा तोटा नव्हे.

मामाच्या ‘उसनं’ या शब्दालाही उत्तर द्यायला हवं. चैत्रात डोंगर चढणं आपलं नाही, हे म्हणणं महाराष्ट्राच्या कुठल्याही यात्रेच्या यादीसमोर टिकत नाही. रामनवमीपासून चैत्र पौर्णिमेपर्यंत सप्तशृंगगडावर चैत्रोत्सव असतो आणि खानदेशातून हजारो माणसं पायी येतात. चैत्र पौर्णिमेला जोतिबाच्या डोंगरावर सासनकाठ्या नाचतात. शिखर शिंगणापूरला मुंगी घाटाच्या उभ्या चढाने पाण्याच्या कावडी वर नेतात. कार्ल्याच्या एकवीरेला कोळी-आगरी मंडळी चैत्रातच येतात. चैत्र पौर्णिमेलाच रायगडावर शिवाजी महाराजांची पुण्यतिथी. म्हणजे भटक्यांचे बूट जेव्हा माळ्यावर असतात तेव्हाच अर्धा महाराष्ट्र डोंगर चढत असतो. याला कारणही साधं आहे : रब्बीचं पीक हाती आलेलं, पेरणीला अवकाश, ओढे-नद्या ओलांडण्याजोग्या, वाट निसरडी नाही. नाणेघाटासारख्या घाटवाटा खोदल्या गेल्या त्या कोरड्या दिवसांतल्या बैलांच्या तांड्यांसाठी. पावसाळ्यात त्या बंदच असत. दसऱ्याला सीमोल्लंघन करून निघालेल्या फौजाही आषाढापूर्वी छावणीला परतायच्या. पावसात हौसेने डोंगरावर जाणं हीच आपल्या इतिहासातली अलीकडची गोष्ट आहे, चैत्रातलं जाणं नव्हे.

मामा : यात्रेचं उदाहरण मला पटत नाही. त्या माणसांना श्रद्धा नेते, आनंद नव्हे. आणि तिथे जागोजागी पाणपोया असतात, डॉक्टर असतात, तरी उन्हाने माणसं कोसळतातच. पण ते सोडून दे. माझा मोठा आक्षेप पाण्याचा आहे, आणि तो तुझ्या शरीराबद्दल नाही, गावाबद्दल आहे. चैत्रात वाडीतली बाई दोन हंड्यांसाठी किती चालते? आपण दहा जण जाणार, तिच्या विहिरीवर तोंडं धुणार, बाटल्या भरणार, वर ‘काय शांत गाव आहे’ म्हणणार. पावसाळ्यात निदान पाणी कुणाच्या तोंडचं काढून घेत नाही आपण.

हा आक्षेप खरा आहे आणि तो वसंतातल्या भटकंतीविरुद्ध सगळ्यात वजनदार आहे. माथ्यावरच्या घाटपट्ट्यात पाऊस बेसुमार पडतो. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त. पण खालचा बेसाल्ट हा घट्ट दगड. पाणी मुरतं ते भेगांत, सच्छिद्र थरात, दोन लाव्हांच्या मधल्या मऊ पट्ट्यात. बाकीचं कोकणात किंवा देशावर धावून जातं. म्हणून मुंबईला पाणी देणारी भातसा-तानसा-वैतरणेची धरणं ज्या तालुक्यांच्या आसपास आहेत, त्या शहापूर-मोखाड्याच्या वाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. मुंबईहून येणारा भटक्या तर घरूनच त्यांचं पाणी पिऊन निघालेला असतो, ही गोष्ट सहसा कुणी बोलत नाही. तेव्हा चैत्रातला नियम एकच असू शकतो : लागेल तेवढं पाणी पाठीवर, माणशी किमान तीन लिटर, आणि गावच्या विहिरीला किंवा गडावरच्या टाक्याला हात लावायचा नाही, ती टाकी या दिवसांत गुरांची आणि वन्यप्राण्यांचीही असतात. अर्ध्या दिवसाची वाट असेल तर हे जमतं, मुक्कामाचा ट्रेक असेल तर जमत नाही. त्यामुळे या हंगामात मुक्काम नको, हे मामाच्याच आक्षेपातून निघतं आणि भाचीच्या बाजूने पडतं. शिवाय टंचाई बघूच नये म्हणून फक्त पावसाळ्यात जायचं, यात गावाची कणव कितपत आणि आपली सोय कितपत, हेही विचारायला हवं. भर पावसात ज्या वाडीत भजी खाल्ली, ती वाडी एप्रिलमध्ये कशी जगते हे ठाऊक असणारा माणूस तिच्याशी वेगळ्या तऱ्हेने वागेल.

भाची : आणि मामा, तुझ्या पावसाळ्याचा हिशेबही मांडू. दर वर्षी जुलै उजाडला की जिल्हाधिकारी धबधब्यांवर बंदीचे आदेश काढतात, ते उगाच नाही. २०२४ च्या जूनअखेरीस लोणावळ्याला भुशी धरणाजवळच्या ओढ्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. लोहगडाच्या पायऱ्यांवर सुटीच्या दिवशी तासन्‌तास माणूस हलत नाही. शेवाळलेला कातळ, सुटलेली दरड, धुक्यात चुकलेली वाट... मार्चमध्ये यातलं काही नसतं. धोका दोन्हीकडे आहे. उन्हाचा धोका चार तास आधी कळतो, ओढ्याचा चार मिनिटं आधीही कळत नाही.

मामा : आणि वणव्याचा? ११ मार्च २०१८. तमिळनाडूत थेनी जिल्ह्यात कुरंगणीच्या डोंगरावर ट्रेकला गेलेली माणसं वणव्यात सापडली, वीसहून जास्त गेली. तीही हौशी माणसंच होती. महिना तुझाच. आपल्याकडे फाल्गुन ते वैशाख गवत पेटतं, कुणी चांगलं गवत यावं म्हणून लावतं, कुणाची बिडी पडते, कुणी शेकोटी अर्धवट विझवतं. वारा असेल तर ती आग उतारावर माणसापेक्षा वेगाने चढते. यावर तुझी दिशा आणि सावली काय करणार?

भाची : काही करणार नाही. इथे मी तुझ्याशी वाद घालणार नाही.

तिने वाद घातला नाही ते योग्यच केलं, पण तिच्या वतीने थोडं सांगायला हवं. आग चढावर वेगाने जाते कारण ज्वाळा वरच्या गवताला आधीच तापवून ठेवतात. म्हणून वाळल्या गवताच्या मोकळ्या उताराच्या मध्यावर असणं ही सगळ्यात वाईट जागा. ज्या डोंगराचा उतार छातीएवढ्या कोरड्या गवताचा आहे, तो डोंगर या दोन महिन्यांसाठी बाद समजावा. जवळपास कुठेही धूर दिसला तर तो राबाचा आहे की वणव्याचा हे गावात विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. चैत्रात भातखाचरांत राब भाजतात, तेव्हा धूर दिसतोच, आणि नवख्याला फरक कळत नाही. वनखात्याने एखादी वाट बंद ठेवली असेल तर ती बंदच. चूल, स्टोव्ह, सिगरेट यांतलं काहीही नको. आग्या मोहोळांचाही हाच काळ आणि त्यांनाही धूर, आरडाओरड, अत्तर चालत नाही, त्यामुळे एका शिस्तीत दोन संकटं टळतात. एवढी चाळणी लावल्यावर उरतं ते सदाहरित आणि निमसदाहरित रान, ओढ्याकाठ, कातळ, आणि देवराया. तिथे जमिनीवर ओल असते, सावली असते, गवत फार नसतं. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात पश्चिम महाराष्ट्रातल्या देवरायांचा अभ्यास मांडला, तेव्हा देवाच्या धाकाने राखलेली ही रानं वनस्पतिशास्त्राच्या नकाशावर आली. आसपासचा डोंगर तपकिरी झालेला असताना अशा राईत शिरलं की एका पावलात हवा बदलते. हा बदल पावसाळ्यात जाणवत नाही, कारण तेव्हा सगळंच हिरवं आणि सगळंच गार असतं.

मामा : बरं, राई मान्य. पण तू म्हणतेस तसा उघडा डोंगर मुद्दाम बघायला का जावं? त्यात आहे काय?

भाची : त्यात डोंगर आहे! पावसाळ्यात तू गवत, धुकं आणि पाणी बघतोस. त्यांच्या खाली काय आहे ते झाकलेलं असतं. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर एकावर एक कसे बसलेत ते गवत वाळलं की मोजता येतात. काळ्या थरांच्या मधून तांबडी पट्टी जाते : एक लाव्हा थंड झाला, त्यावर माती धरली, मग पुढच्या लाव्हाने ती भाजली. त्या पट्टीवर पाणी अडतं, म्हणून पाझर तिथेच फुटतो. कडा, मग आडवा पदर, मग पुन्हा कडा असा जो आपल्या डोंगराचा जिना आहे, तो घट्ट आणि मऊ थरांनी घडवलाय, आणि वाडी त्या पदरावर का वसली हेही मग कळतं. किल्ल्यांचंही तसंच. ऑगस्टमध्ये राजगडाच्या माचीवर गेलास तर तटबंदी आणि ढग. मार्चमध्ये घरांची जोती दिसतात, खांबांसाठी खोदलेली भोकं दिसतात, पाण्याचे पाट टाक्यात कसे आणलेत ते दिसतं. गडावर माणसं राहत होती हे तेव्हा पटतं.

मामाला याचं उत्तर सुचणार नाही असं नाही. तो म्हणेल, हे जानेवारीतही दिसतं. काही अंशी दिसतंही, पण तेव्हा गवत उभं असतं आणि झाडं पानांत. आणि क्षितिजाबद्दल तो म्हणाला ते पूर्ण खरं आहे. चैत्रात लांबचं दिसत नाही. कळसूबाईवरून अलंग-मदन-कुलंग ओळखायचे तर ऑक्टोबर-नोव्हेंबरची स्वच्छ हवा हवी. वसंत हा जवळ बघण्याचा ऋतू आहे, आणि ज्याला डोंगरावरून दिसणाऱ्या पन्नास मैलांची ओढ आहे त्याने थंडीतच जावं. हंगामाहंगामात निवड असावी, याला माझी हरकत नाही. हरकत आहे ती एका हंगामाला न बघताच रद्द करण्याला.

मामा : शेवटचं विचारतो. तुमचा हा लेख वाचून लोक चैत्रातही यायला लागले तर? पावसाळ्याचं जे झालं तेच याचं होईल. पन्नास-पन्नासच्या बसेस, देवराईत स्पीकर, पळसाखाली रील. आत्ता निदान दोन महिने डोंगराला विसावा मिळतो, झाडं फुलतात, पाखरं घरटी करतात.

हा प्रश्न भाचीपेक्षा मला आहे. डोंगराला विसावा हवा हे खरं, पण भटके जात नाहीत म्हणून तो मिळत नाही, हे वणव्यांनी आधीच सिद्ध केलं आहे. रान वाचतं ते त्याच्याकडे बघणारी, त्यात काय पेटलं काय तोडलं हे ओळखणारी माणसं असतील तर. तरीही बसची भीती मी हसण्यावारी नेत नाही. सुदैवाने या हंगामात गर्दीला लागणाऱ्या गोष्टी नाहीत : धबधबा नाही, भिजणं नाही, उशिरा उठून पोचायची सोय नाही. पहाटे पाचला निघायचं आणि माथा न गाठता दहाला परतायचं, या कार्यक्रमाची तिकिटं फारशी खपतील असं वाटत नाही. त्यातूनही काळजी म्हणून एखाद्या राईचं नाव मी इथे मुद्दाम लिहिलेलं नाही.

मामा : लिहू नकोस. बरं, जाऊ एकदा. माझ्या अटी : सातआठ जणांच्या वर माणूस नको, रविवार नको, आदल्या दिवशी गावात फोन करून धुराची चौकशी तू करायची. आणि पाणी माझ्याकडून मागायचं नाही.

भाची : मान्य. माझी एकच अट : माथ्यावर जायचं नाही.

मामा : पायथ्याला जाऊन माथ्यावर न जाता परत? त्याला मी ट्रेक म्हणणार नाही हं.

भाची : नको म्हणूस. पाचला खाली ये म्हणजे झालं.